जबलपूरची जोंगा

'जोंगा' हे नाव प्रथम कानावर पडले म्हणजे ते एखाद्या दूरदेशीच्या नदीचे किंवा विसरल्या गेलेल्या वाद्याचे असावे असे वाटते. वस्तुतः हा शब्द कोणत्याच भाषेचा नाही. तो एका कारखान्यात घडला, आणि ज्या वस्तूसाठी घडला ती वस्तूही तिथेच घडली. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली' या लांबलचक इंग्रजी नामावळीतून एकेक अक्षर वेचून तो जुळवला आहे. नुसती मुख्य शब्दांची आद्याक्षरे घेतली असती तर 'जोगा' झाले असते, आणि आपल्या मराठी कानांना ते कदाचित अधिक रुचले असते; कामाजोगा, विश्वासाजोगा असे शब्द आपण रोज वापरतो. पण नाव ठेवणाऱ्याने 'अँड' या बापड्या उभयान्वयी अव्ययाच्या पोटातले अक्षर काढून मध्ये बसवले आणि 'जोंगा' तयार झाले. व्याकरणात ज्याला कुणी विचारीत नाही त्या अव्ययाला मोटारीच्या नावात असा मान मिळाल्याचे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

जोंगा ही लष्करी मोटार. चारही चाकांना इंजिनाचे बळ पोहोचणारी, उघड्या अंगाची, वर ताडपत्रीचे छत असलेली. भारतीय सैन्यात तिने सुमारे तीन दशके चाकरी केली आणि १९९९च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मोटारींच्या इतिहासात तीस वर्षे म्हणजे काही मोठे आयुष्य नव्हे. अल्पायुषी मार्के तिथे पुष्कळ आहेत. एकट्या अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत असे शेकडो मार्के निघाले आणि बुडाले. त्यांच्या मरणाची कारणे बहुधा बाजारात सापडतात. किंमत चढी होती, भांडवल तोकडे होते, किंवा शेजारच्या कारखान्याने स्वस्त माल काढला. जोंगाचे तसे नाही. ती बाजारात कधी फारशी उतरलीच नाही. तिला गिऱ्हाईक एकच होते, आणि एकाच गिऱ्हाइकावर जगणाऱ्या मोटारीची कुंडली निराळी असते. ती नीट मांडायची तर आपल्याला जबलपूरहून निघून अमेरिकेपर्यंत जाऊन यावे लागेल. पण आरंभ जबलपूरपासूनच करणे बरे.

नर्मदेच्या काठचे हे शहर मराठी माणसाला परके नाही. १७९८मध्ये ते नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आले आणि १८१७मध्ये इंग्रजांकडे गेले. पुढे मध्यप्रांत झाला, त्याची राजधानी नागपूर झाली, आणि १९५६पर्यंत नागपूर व जबलपूर एकाच प्रांतात नांदत होते. नोकरीनिमित्ताने, शिक्षणानिमित्ताने नागपूर-विदर्भाकडून तिकडे गेलेली आणि तिथलीच होऊन राहिलेली मराठी घरे आजही जबलपुरात आहेत. १८७०मध्ये मुंबईकडून गेलेला आणि अलाहाबादकडून आलेला असे दोन लोहमार्ग इथे एकमेकांना भेटले आणि मुंबई व कलकत्ता ही शहरे रुळांनी जोडली गेली. सरहद्दीपासून दूर, समुद्रापासून दूर, आणि तरीही देशाच्या साऱ्या दिशांना रेल्वेने बांधलेले असे हे ठिकाण. लष्करी कारखान्याला याहून सोयीची जागा इंग्रजांना कुठे मिळणार होती? १९०४मध्ये इथे तोफगाड्यांचा कारखाना स्थापन झाला. 'गन कॅरेज फॅक्टरी' असे त्याचे नाव. जबलपूरकर त्याला 'जीसीएफ' या तीन अक्षरांनीच ओळखतो.

तोफगाडा ही वस्तू आता फारशी कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून तिच्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. तोफेची नळी डागण्याच्या कामाची. पण ती रणांगणापर्यंत न्यायची, तिथे स्थिर उभी करायची आणि बार उडाल्यावर बसणारा धक्का सोसायचा, हे सारे काम गाड्याचे. तेव्हा तोफगाडा करणाऱ्याला चाक कळावे लागते, आस कळावा लागतो, खडकाळ रस्त्यावर कुठला सांधा आधी निखळेल हे कळावे लागते. तोफ ओढायला घोडे असोत, बैल असोत की मोटार, ही विद्या तीच राहते. मला असे वाटते, की जबलपुरात पुढे मोटारी झाल्या याचे मूळ या विद्येत आहे. कारखान्याने मोटार केली तेव्हा त्याने फार मोठी उडी मारली असे आपण समजतो. पण पन्नास वर्षे तो चाकांवर चालणाऱ्या वस्तूच करीत होता.

ती मोटार करण्याची निकड मात्र स्वातंत्र्यानंतर आली, आणि तिला एका अप्रिय प्रकरणाची पार्श्वभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्या सैन्याजवळ वाहने होती ती बहुतेक युद्धातून उरलेली, परदेशी आणि थकलेली. त्यातच १९४७च्या अखेरीस काश्मीरचा रणसंग्राम सुरू झाला. डोंगराळ मुलखात जीपगाड्यांची चणचण भासू लागली. तेव्हा, १९४८मध्ये, लंडनमधील आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी दोन हजार जुन्या पण दुरुस्त केलेल्या जीपगाड्या मिळवण्याचा करार केला. त्यांपैकी १५५ गाड्या हिंदुस्थानात पोहोचल्या, आणि त्या वापरण्यालायक नाहीत असे तपासणीत ठरले. संसदेत मोठे वादळ उठले. १९५५मध्ये सरकारने हे प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. मेनन यांच्यावर कोणत्याही न्यायालयात दोष सिद्ध झाला नाही. पण 'जीप प्रकरण' हे शब्द त्यांच्या नावाला कायमचे चिकटले.

इतिहासाची मौज अशी, की हेच मेनन १९५७मध्ये संरक्षणमंत्री झाले आणि सैन्याची वाहने देशातच झाली पाहिजेत, तीही सरकारी कारखान्यांत, असा आग्रह त्यांनी धरला. म्युनिककडच्या 'मान' या जर्मन कंपनीशी करार झाला आणि १९५९मध्ये 'शक्तिमान' ट्रक जबलपूरच्या तोफगाड्यांच्या कारखान्यातून बाहेर पडू लागला. आरंभी त्याचे बहुतेक भाग जर्मनीहून येत; क्रमाक्रमाने ते इथे होऊ लागले. शक्तिमानच्या मागोमाग जपानच्या निसान कंपनीच्या परवान्याने एक टन वजन वाहणारा ट्रक आला, आणि त्याच कंपनीच्या 'पेट्रोल' या गाडीवरून आपली जोंगा. गस्त या अर्थाचे हे 'पेट्रोल' इंधनाच्या पेट्रोलहून निराळे. देवनागरीत मात्र दोन्ही सारखीच दिसतात, त्याला माझा इलाज नाही. मेनन यांच्या या धोरणावर टीकाही झाली. दारूगोळा करायचा त्या कारखान्यांनी ट्रक काय म्हणून करावेत, असा तिचा रोख होता, आणि १९६२च्या पराभवानंतर तिला धार चढली. तरीही मेनन गेले आणि यशवंतराव चव्हाण दिल्लीला आले, तेव्हा जबलपूरच्या गाड्या थांबल्या नाहीत. हिमालयातील नव्या रस्त्यांवर वाहनांची गरज उलट वाढली होती.

आता जोंगाच्या कुळाकडे वळू. जोंगाची आई जपानी, हे आपण पाहिले. पण त्या जपानी आईचीही एक अमेरिकन आई होती, आणि त्या आजीची कहाणी नातीला समजून घेण्यासाठी ऐकण्याजोगी आहे.

अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया संस्थानात बटलर नावाचे एक गाव आहे. तिथे १९३०पासून इंग्लंडच्या ऑस्टिन कंपनीच्या 'सेव्हन' या चिमुकल्या मोटारीची अमेरिकन आवृत्ती निघत असे. अमेरिकन माणसाला मोठ्या मोटारींचा सोस. त्याने या छोट्या गाडीची थट्टा पुष्कळ केली, विकत मात्र फार थोड्यांनी घेतली. मंदीच्या त्या काळात, १९३४मध्ये, कारखान्याचे दिवाळे वाजले. रॉय एव्हान्स या धडपड्या गृहस्थाने तो हाती घेऊन 'अमेरिकन बँटम' या नावाने पुन्हा उभा केला. बँटम म्हणजे लहान चणीची, पण झुंजार जातीची कोंबडी. नाव शोभून दिसणारे होते. खप मात्र झाला नाही. १९४०चा उन्हाळा आला तेव्हा कारखान्यात काम जवळजवळ नव्हते आणि पदरी स्वतःचा आराखडाकारसुद्धा उरला नव्हता.

त्याच वर्षी जुलै महिन्यात अमेरिकन सैन्याने १३५ कारखानदारांना पत्रे धाडली. चारही चाकांनी चालणारी, हलकी, टेहळणीच्या कामाची गाडी हवी. नमुना ४९ दिवसांत हवा. वजन १३०० पौंडांहून अधिक नको. पत्र मिळालेल्यांपैकी पुढे सरसावले ते दोघेच, बँटम आणि विलिस-ओव्हरलँड. ही वजनाची अट पाळणे कुणालाच शक्य नव्हते, आणि पुढे सैन्याला ती बरीच सैल करावी लागली. बँटमने डेट्रॉइटहून कार्ल प्रोब्स्ट नावाच्या अभियंत्याला बोलावून घेतले. त्याने दोन दिवसांत आराखडा कागदावर उतरवला. हातांनी ठोकून-जुळवून गाडी तयार झाली आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी मेरीलँडमधील होलाबर्डच्या लष्करी तळावर ती चालवत नेण्यात आली. मुदत संपायला तेव्हा अर्धा तास उरला होता. पुढे साऱ्या जगाने जिला 'जीप' म्हणून ओळखले, तिचे हे पहिले रूप.

यानंतर जे घडले ते बँटमच्या दृष्टीने क्रूर होते, आणि सैन्याच्या दृष्टीने पाहिले तर अगदी सरळ होते. युद्ध येऊ घातले होते, गाड्या लाखांनी लागणार होत्या, आणि एवढ्या गाड्या करण्याची बँटमची ऐपत नाही असे सेनाधिकाऱ्यांना वाटले. त्यांनी बँटमचे आराखडे विलिस आणि फोर्ड यांच्यापुढे ठेवले. त्या दोघांनी आपापले नमुने केले. विलिसचे इंजिन अधिक जोमदार ठरले आणि १९४१मध्ये मोठे कंत्राट विलिसला मिळाले. मागाहून फोर्डही त्याच नमुन्याच्या गाड्या करू लागला. युद्ध संपेतो या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या केल्या. ज्याने ती प्रथम घडवली त्या बँटमच्या वाट्याला आल्या सुमारे २६७५. तेवढ्या करून झाल्यावर जीपच्या मागे जोडायच्या लहान गाड्या करण्याचे काम त्याला देण्यात आले. पुढे विलिसने जीप आपणच निर्मिली अशा जाहिराती केल्या, तेव्हा अमेरिकेच्या व्यापार आयोगापुढे तक्रार गेली, आणि १९४८मध्ये आयोगाने त्या कल्पनेचे श्रेय बँटम आणि काही सेनाधिकारी यांचे असल्याचा निर्वाळा दिला. निर्वाळा मिळाला, पण 'जीप' हे नाव १९५०मध्ये व्यापारचिन्ह म्हणून नोंदले गेले ते विलिसचेच. तोवर बँटमची मोटार बंद पडून बरीच वर्षे लोटली होती.

बँटमची ही गोष्ट मी थोडी विस्ताराने सांगितली, कारण हीच गाठ पुढच्या पिढ्यांतही पडलेली दिसते. १९५०मध्ये कोरियात युद्ध पेटले. जपानमध्ये नव्याने उभारलेल्या पोलीस राखीव दलासाठी जीपसारख्या गाड्या हव्या होत्या. टोयोटा आणि निसान या दोन्ही कंपन्यांनी आपापले नमुने केले; निसानचा १९५१चा 'पेट्रोल' त्यांपैकीच एक, आणि त्याच्या चेहऱ्यावर विलिसच्या जीपची छाया अगदी उघड होती. पण काम मिळाले तिसऱ्याला, मित्सुबिशीला, आणि त्याने तर प्रत्यक्ष विलिसच्याच परवान्याने जीप केली. एका सैन्यासाठी काढलेली गाडी त्या सैन्याने नाकारली की तिला दुसरे घर शोधावे लागते. निसानने आपली गाडी सुधारीत, वाढवीत नेली. १९६०मध्ये तिची दुसरी पिढी निघाली, आणि तिला जे घर मिळाले ते जबलपूरला.

इकडे हिंदुस्थानात विलिसची जीप आधीच आली होती. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईला महिंद्रांच्या कारखान्यात तिची जुळणी सुरू झाली, आणि खेड्यापाड्यांत तहसीलदारापासून निवडणुकीच्या उमेदवारापर्यंत साऱ्यांना ती परिचित झाली. म्हणजे एकाच आजीच्या दोन नाती या देशात नांदू लागल्या, एक मुंबईला आणि एक जबलपूरला. स्वभाव मात्र भिन्न. युद्धकाळातल्या जीपचे इंजिन चार सिलिंडरचे, २.२ लिटरचे. जोंगाचे सहा सिलिंडरचे, सुमारे चार लिटरचे, ३९५६ घनसेंटिमीटर. जीप चपळ आणि अंगाने लहान. जोंगा रुंद, दणकट, चढणीवर दम न टाकणारी. तिच्यावर १०६ मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ बसवीत, तिच्यातून अधिकारी हिंडत, तिची रुग्णवाहिकाही होत असे. बसणाऱ्याच्या सुखाचा विचार मात्र तिच्या आराखड्यात फारसा केलेला दिसत नाही. तिच्या पाटेदार कमानींनी रस्त्यावरचा प्रत्येक दगड बसणाऱ्याच्या पाठीला इमानाने कळवावा, असाच तो प्रकार होता. आणि पेट्रोल तर ती अशी पीत असे, की ते सरकारी तिजोरीलाच परवडावे.

१९६९मध्ये जबलपुरात वाहनांसाठी स्वतंत्र कारखाना उभा राहिला. हाच 'व्हेइकल फॅक्टरी जबलपूर', थोडक्यात 'व्हीएफजे'. शक्तिमान, एकटनी निसान आणि जोंगा ही तिन्ही वाहने या कारखान्याची ओळख बनली. त्याच्या आसऱ्याने रांझीकडचा भाग वाढला, कामगारांच्या वसाहती झाल्या. बाप तोफगाड्यांच्या कारखान्यात आणि मुलगा वाहनांच्या, अशी घरे जबलपुरात दुर्मीळ नाहीत. या माणसांच्या हाताखालून गेलेल्या गाड्या लडाखपासून ईशान्येच्या डोंगरांपर्यंत पोहोचल्या. ज्याने ती जुळवली त्याने स्वतः तो मुलूख बहुधा कधीच पाहिला नसेल. पण बर्फातल्या एखाद्या चौकीवर जवान तिला हाक मारी ती त्याच्या गावाच्या आद्याक्षराने. बटलरच्या कामगारांना हे सुख लाभले नाही. त्यांच्या गाडीवर जगाने दुसऱ्याचेच नाव कोरले.

एका गिऱ्हाइकाचे सुख असे, की विक्रीची चिंता नसते. दुःख असे, की बदलण्याची निकडही नसते. जपानमध्ये निसानने 'पेट्रोल'ची ती दुसरी पिढी १९८०मध्ये बंद केली आणि नवी काढली. जबलपुरात मात्र तोच नमुना पुढे जवळजवळ वीस वर्षे निघत राहिला. याला कुणी आळस म्हणेल. मला ते तितके सोपे वाटत नाही. सैन्याला रोज नवी गाडी नको असते. एकच सुटा भाग देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही बसावा, एकदा शिकलेल्या कारागिराचे ज्ञान वीस वर्षे पुरावे, यातच त्याची सोय असते. जोंगाचा जुनेपणा हा काही अंशी तिचा गुणच होता. पण काळ त्या गुणाचे कौतुक करीत बसला नाही. १९७३नंतर तेलाचे भाव कडाडले. एवढे पेट्रोल पिणारी गाडी दिवसेंदिवस जड वाटू लागली. नव्वदीच्या दशकात मारुतीची हलकी जिप्सी सैन्यात रुळली, महिंद्रांच्या गाड्या आल्या. जोंगाला डिझेलचे इंजिन बसवून सामान्य नागरिकांनाही ती विकून पाहण्याचा प्रयत्न तेव्हा झाला. पण ज्या कारखान्याने आयुष्यभर दुकान मांडले नाही त्याने उतारवयात गिऱ्हाईक कसे शोधावे? १९९६मध्ये शक्तिमान थांबला. त्यानंतर थोड्याच वर्षांत जोंगाही थांबली. व्हीएफजेमध्ये पुढे अशोक लेलँड आणि टाटा यांच्या नमुन्यांचे ट्रक होऊ लागले. त्यांनी काम दिले. पण त्यांच्या नावांत जबलपूर नव्हते.

सैन्यातून निघालेल्या जोंगा लिलावात विकल्या गेल्या. हौशी माणसांनी त्या घेतल्या, कुणी इंजिन बदलले, कुणी रंग दिला. २०१९मध्ये क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनी याने अशीच एक जोंगा रांचीला आपल्या घरी आणली, तेव्हा वृत्तपत्रांनी तिची छायाचित्रे छापली आणि नव्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले. जबलपूरच्या वृद्ध कामगारांना त्या छायाचित्रांत क्रिकेटपटूपेक्षा गाडीच आधी दिसली असेल, असे म्हणायला हरकत नाही.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातल्या सरकारी शस्त्रकारखान्यांचे जुने मंडळ विसर्जित झाले आणि त्यांच्या सात कंपन्या करण्यात आल्या. तोफगाड्यांचा कारखाना एका कंपनीकडे गेला, तिचे मुख्यालय कानपूरला. वाहनांचा कारखाना दुसरीकडे गेला, तिचे मुख्यालय मद्रासजवळच्या आवडीला. दोन्ही कारखाने जबलपुरात आहेत तिथेच आहेत, आणि एकाच शहराच्या रस्त्यांनी त्यांचे कामगार आजही सकाळी कामावर निघतात. ज्याच्या पोटातले अक्षर काढून नाव पुरे केले होते, तो मधला 'अँड' तेवढा कागदोपत्री उरलेला नाही.